डावी टाकी

त्या छोट्या विमानतळावरच्या कँटीनमध्ये एक वाद कित्येक वर्षं चालू होता, आणि तो मिटावा असं तिथे कुणालाच वाटत नव्हतं. एका बाजूला कॅप्टन. उभा जन्म प्रवासी विमानं चालवून निवृत्त झालेले आणि आता स्वतःच्याही आधी जन्मलेल्या एका चार आसनी विमानावर जीव टाकणारे. दुसऱ्या बाजूला त्यांचे शाळेपासूनचे मित्र. ते वकिली करून थकलेले होते, पण बोलून अजून थकले नव्हते. सगळे त्यांना वकीलकाका म्हणायचे.

"जुनं इंजिन घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं असतं," कॅप्टन म्हणायचे. "आधी कुरकुरतं, तेल गाळतं, धूर सोडतं. ऐकायला कान हवेत फक्त. नवी इंजिनं न सांगता मरतात."

"सांगून मेलं तरी आपण वरच असतो ना?" वकीलकाका म्हणायचे. "माझ्यापेक्षा वयाने मोठ्या यंत्रात मी बसणार नाही. त्याचं निम्मं काम पूर्वपुण्याईवर चाललेलं असतं."

आणि खरोखरच ते कधी बसले नव्हते. दर रविवारी यायचे, खुर्ची धावपट्टीच्या दिशेने वळवून घ्यायचे, मित्र वर गेला की घड्याळ बघत राहायचे आणि तो उतरला की पुन्हा वादाला तोंड फोडायचे.

निकाल द्यायची वेळ आली की दोघंही सूनबाईकडे बघायचे. ती कॅप्टनांच्या एकुलत्या एका मुलाची बायको. नवरा दातांचा डॉक्टर, त्याला झोपाळ्यावरसुद्धा मळमळायचं. ती मात्र विमानांची इंजिनिअर होती. लग्नाआधी इथल्याच हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये कामाला लागली, कॅप्टनांच्या विमानाचं इंजिन तिने उघडलं, धुतलं, बांधलं, आणि मग त्यांच्या घरात आली. "मुलाला बायको नाही, इंजिनाला नर्स आणली," असं वकीलकाका लग्नाच्या जेवणात म्हणाले होते. तेव्हापासून विमानतळावर तिला कुणी नावाने हाक मारली नाही. पेट्रोलचा टँकर आणणारा ड्रायव्हरसुद्धा तिला सूनबाईच म्हणायचा.

"इंजिनाला वय नसतं काका," ती सांगायची. "त्याला भाग असतात. झिजले की बदलायचे."

चालवणाऱ्याच्या वयाचा विषय मात्र त्या कँटीनमध्ये कधी निघाला नाही.

त्या विमानाच्या दोन पंखांत पेट्रोलच्या दोन टाक्या होत्या, एक डावी, एक उजवी. पुढच्या दोन सीटांच्या मधे, जमिनीलगत एक पितळी कळ होती. ती फिरवून कुठल्या टाकीतलं पेट्रोल इंजिनाला द्यायचं ते ठरवायचं. थोडा वेळ डावीकडून, मग उजवीकडून. जुन्या स्कूटरला रिझर्व्ह लावतात, तितकंच सोपं काम. पण ते चालवणाऱ्याने आठवणीने करायचं असतं, विमान आपणहून करत नाही.

पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं ते पेट्रोल भरताना. कॅप्टन लांबची फेरी मारून आले होते, आणि डाव्या टाकीत तिने पट्टी बुडवली तर पट्टी कोरडी बाहेर आली. उजवी टाकी काठोकाठ. म्हणजे हे सबंध वेळ एकाच टाकीवर उडत होते, आणि अगदी थोडक्यात घरी पोचले होते. तिने विचारलं तेव्हा कॅप्टन म्हणाले, "हवा इतकी छान होती, लक्षच नाही राहिलं." तिने हसण्यावारी नेलं.

मग एकदा उतरल्यावर ते आपल्या हँगरवरून सरळ पुढे गेले आणि फवारणी कंपनीच्या हँगरसमोर इंजिन चालू ठेवून बसून राहिले. कुणीतरी हात दाखवून परत पाठवलं. "शेजाऱ्यांची ख्यालीखुशाली विचारायला गेलो होतो," ते म्हणाले, आणि कँटीनमध्ये हशा पिकला. उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून तपासणी करताना ते आता दोनदा फिरायचे, कधी तीनदा. तपासलेलाच पंख पुन्हा हाताने चाचपायचे. "झालं बाबा," ती म्हणायची. "झालं? बरं," म्हणून ते चढायचे.

सकाळी ते अगदी लख्ख असायचे. पेपर वाचून सगळ्यांना राजकारण समजावून सांगायचे, सुनेच्या डब्यात काय आहे याची चौकशी करायचे. दुपार कलली की कुठेतरी धुकं उतरायचं. ते कधी उतरेल याचा भरवसा नव्हता.

एका दुपारी ती त्यांच्या शेजारच्या सीटवर होती. खाली नांगरलेली शेतं, त्यांच्या पलीकडे झाडांची रांग. इंजिन एकदा अडखळलं, पुन्हा अडखळलं, आणि मग तो ओळखीचा घुमणारा आवाज तुटला. पंखा वाऱ्यावर नुसता फिरत राहिला.

कॅप्टनांच्या हातांनी विमानाचं नाक अलगद खाली केलं, वेग सांभाळला. हातांना सगळं ठाऊक होतं. पण ते स्वतः पुढच्या पंख्याकडे बघत होते. दारात कुणी अनोळखी माणूस येऊन उभा राहिला की आपण बघतो, तसे. तिला वाटलं, आता हात खाली जाईल, कळ फिरेल. हात गेला नाही. जमीन वर येत होती. शेवटी तीच वाकली आणि तिने कळ उजवीकडे फिरवली. इंजिनाने एक धक्का दिला आणि पुन्हा सूर धरला.

"म्हातारी खोकली बघ," कॅप्टन म्हणाले.

उतरेपर्यंत तिने हात त्या कळीवरून काढला नाही.

खाली आल्यावर कॅप्टनांनी तीच गोष्ट कँटीनमध्ये सांगितली. म्हातारी खोकली, क्षणभर बंद पडली, आणि मग कशी शहाण्यासारखी चालू झाली. वकीलकाकांना आनंदाचं भरतं आलं. "मी काय म्हणत होतो? सगळ्यांसमोर कबुलीजबाब दिलाय याने." सूनबाई हातातल्या कपाकडे बघत बसली.

संध्याकाळी ती थेट नवऱ्याच्या दवाखान्यात गेली. शेवटचा पेशंट गाल धरून बाहेर पडत होता. नवरा हात धूत होता.

"बाबांना आता उडू देता कामा नये," ती म्हणाली, आणि झालेलं सगळं सांगितलं.

त्याने नळ बंद केला नाही. बराच वेळ हातांवर पाणी घेत राहिला. "तू सांग त्यांना," तो म्हणाला. "विमानाच्या बाबतीत ते तुझंच ऐकतात."

"हे विमानाच्या बाबतीतलं नाही. ते तुझे वडील आहेत."

"मी सांगितलं तर म्हणतील, तुला पाळण्यात उलट्या व्हायच्या, तू मला उडायला शिकवणार? आणि आई गेल्यापासून त्यांच्याकडे त्या खटाऱ्याशिवाय उरलंय काय? तू त्यांना तोंडावर सांगणार, की तुमचं डोकं चालत नाही?"

तिने पुढे होऊन नळ बंद केला.

"इंजिनाचंच काहीतरी सांग ना," तो म्हणाला. "ते स्वतःच म्हणतायत, खोकली म्हणून. दोन-चार महिने बंद राहील, मग आपोआप सुटेल नाद."

ते ऐकून तिला बरं वाटलं. आपल्याला बरं वाटलं, हे ती पुढे कधी विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने इंजिनाचं एक सिलिंडर उतरवलं आणि कॅप्टनांना सांगितलं, की प्लगच्या भोकाजवळ चीर गेली आहे. डोळ्यांना दिसण्याइतकी नाही, पण बोटाला लागते. असं सिलिंडर आता कुणी बनवत नाही, शोधावं लागेल. कॅप्टनांनी चष्मा पुसून निरखून बघितलं, बोट फिरवलं. "हो गं, लागतंय," ते म्हणाले. तिथे काहीही नव्हतं. ओतीव धातूचा साधा खडबडीतपणा होता. इतक्या वर्षांत तिने त्या हँगरमध्ये खोटं असं काही उच्चारलं नव्हतं, आणि तिच्या शब्दावर त्यांच्या बोटालासुद्धा चीर लागली.

नाद सुटला नाही. कॅप्टन रोज यायचे, सिलिंडर काढलेल्या विमानाशेजारी खुर्ची टाकून बसायचे, ठिकठिकाणी फोन लावून सिलिंडर आहे का विचारायचे. जेवण कमी झालं. चेहरा उतरला. वकीलकाका आता वाद घालेनासे झाले. हरलेल्या माणसाशी भांडण्यात त्यांना गोडी वाटत नव्हती. "मिळेल रे," एवढंच म्हणायचे.

आणि एक दिवस कॅप्टन उस्तादांना घेऊन आले. उस्ताद म्हणजे जुन्या इंजिनांमधला शेवटचा शब्द. कॅप्टनांबरोबर नोकरीला होते, आता लांबच्या एका वर्कशॉपमध्ये सल्ल्यापुरते जायचे. सूनबाईने त्यांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून काही महिने काढले होते. त्यांच्याकडे सिलिंडर नव्हतं. पण चीर बारीक असेल तर भरता येईल, आधी बघू तर दे, असं ते म्हणाले.

त्यांनी सिलिंडर धुतलं, वाळवलं, त्यावर लाल रंगाचं पातळ औषध लावलं, थोडं थांबून पुसलं, आणि वरून पांढरी पूड फवारली. चीर असली की त्या पांढऱ्यावर रक्ताच्या रेषेसारखी लाल रेघ उमटते. हँगरमध्ये सगळे गोळा झाले होते. वकीलकाका सगळ्यांत पुढे. पांढरं ते पांढरंच राहिलं.

उस्तादांनी पुन्हा एकदा केलं. मग हात पुसत, जरा ओशाळून म्हणाले, "सूनबाई, मला तर काही दिसत नाही. कुठे दिसलं होतं तुम्हाला?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आत्ता बोलायला हवं होतं. एवढ्या माणसांसमोर, उस्तादांसारख्या जाणत्याच्या साक्षीने तिने ते वाक्य उच्चारलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. ते वाक्य तिच्या ओठांवर आलंही होतं.

तेवढ्यात कॅप्टनांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, तिची काय चूक? या हँगरमध्ये उजेड आहे कुठे? मी स्वतः बोट फिरवलं होतं, मलाही लागली होती चीर. आणि खरंच असती, तर तिनेच माझा जीव वाचवला असता ना?" मग तिच्याकडे वळून हळूच म्हणाले, "वाईट नको वाटून घेऊस. हातून होतं."

ती मान खाली घालून उभी राहिली. लोकांना वाटलं, शरमेने.

त्याच संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर सांगून टाकलं. चीर नव्हती, मी खोटं बोलले. टाकी बदलायला तुम्ही विसरलात, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. नवरा ताटाकडे बघत होता. तिने त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तिला तुमची काळजी वाटते." बस, इतकंच.

कॅप्टन चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाण्याचा पेला सरकवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "चूक झाली ती मी पोटात घातली. पण चूक झाकायला माझ्यावर ढकलशील, असं वाटलं नव्हतं. इंजिन उस्ताद बघतील यापुढे."

नवऱ्याने एक गोष्ट मात्र केली. वडिलांना वैमानिकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरकडे नेलं. वेळ मिळाली सकाळची. कॅप्टनांनी भिंतीवरची सगळ्यांत बारीक अक्षरं वाचली, रक्तदाब तरुणाला लाजवेल असा निघाला, आणि वर डॉक्टरलाच दोन विनोद ऐकवले. सूनबाईने डॉक्टरला फोन करून दुपारी एकदा बघा म्हणून विनवलं. "तुमचं सिलिंडरचं ऐकलं मी," डॉक्टर म्हणाला, आणि पुढे फारसं बोलला नाही.

उस्तादांनी इंजिन बांधून दिलं, स्वतः चालवून पाहिलं, आणि सही केली. "नव्यासारखं आहे," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "अजून वीस वर्षं बघायला नको."

आणि या वाक्याने जे झालं, ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. वकीलकाकांचं मन पालटलं. आजवर त्यांची सगळी बाजू इंजिनाच्या वयावर उभी होती. आता पांढऱ्या पुडीवर त्यांनी डोळ्यांनी पुरावा पाहिला होता, आणि मधल्या महिन्यांत मित्राला त्या खुर्चीत झुरतानाही पाहिलं होतं. पुढच्या रविवारी ते गळ्याला मफलर गुंडाळून, पायांत धावायचे बूट घालून आले. "मी केस हरलो," ते कँटीनमध्ये म्हणाले. "आज दंड भरायला वर जातोय."

कॅप्टनांचा चेहरा असा फुलला, की बघणाऱ्यांनाही बरं वाटलं. जेवणं उरकली, गप्पा रंगल्या, निघायला दुपार झाली.

सूनबाईने वकीलकाकांना हँगरच्या मागे गाठलं. "काका, बसू नका. इंजिनाला काही झालेलं नाही. बाबांना झालंय." तिने सगळं सांगितलं, डाव्या टाकीपासून.

वकीलकाकांनी ते नीट ऐकून घेतलं. मग तिच्या डोक्यावर हलकेच टपली मारली. "सूनबाई, माझा जन्म साक्षीदार बघण्यात गेला. आधी सिलिंडर म्हणालीस. ते टिकलं नाही तेव्हा माणूस म्हणतेस. मी तुझा वकील असतो तर म्हटलं असतं, आता गप्प बस, जितकं बोलशील तितकं अंगाशी येईल."

"मग मला तरी मागे बसू द्या."

"ते त्याला विचार."

कॅप्टन विमानाभोवती तिसरी चक्कर मारत होते. "आज मागे कुणी नको," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "आज आम्ही दोघंच."

ते दोघं खोकल्याची गोळी कुणाकडे आहे म्हणून खिसे चाचपत होते, तेवढ्या वेळात ती इंजिनाच्या उघड्या झाकणापाशी एकटी होती. एक वायर ओढली असती तर काम झालं असतं. विमान सुरूच झालं नसतं. तिचा हात वर गेला. पण खोट्या बिघाडानेच तिला इथवर आणून सोडलं होतं. पुन्हा तेच तिच्या हातून झालं नाही. ती पेट्रोलच्या टँकरवाल्याकडे गेली आणि त्याला धावपट्टीवर गाडी आडवी लावायला सांगितलं. "सूनबाई, माझी नोकरी जाईल," तो म्हणाला. तोवर मागे इंजिन सुरू झालं होतं.

विमान छान चढलं. लांबवर जाऊन वळलं, गावावरून फेरी मारली, नदीकडे गेलं, परत आलं. खिडकीतून मफलर हललेला कँटीनमधल्या लोकांनी बघितला आणि हात केले. कॅप्टनांना खाली यायची घाई नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मित्र शेजारी बसला होता. सूनबाई धावपट्टीच्या कडेला उभी राहून नुसतं ऐकत होती. दर फेरीगणिक तिला वाटत होतं, आता उतरतील.

झाडांच्या रांगेपलीकडे, उतरण्यासाठी विमान खाली आलं असताना, इंजिनाचा आवाज अडखळला. पुन्हा अडखळला. मग थांबला. कँटीनमध्ये अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिथे हसणं चालू होतं.

ती पळाली. टँकरवाल्याने तिला वाटेत गाडीत घेतलं.

विमान झाडांच्या शेंड्यांना लागून पलीकडच्या नांगरलेल्या शेतात उलटं पडलं होतं. पेट्रोलचा वास इतका होता, की टँकरवाला लांबच थांबला. कॅप्टन पट्ट्यात उलटे लटकत होते, शुद्धीवर होते आणि कण्हत होते. वकीलकाकांची मान ज्या कोनात होती तिकडे तिने एकदाच बघितलं. तिने पट्टा कापून कॅप्टनांना खांद्यावर घेतलं, ओढून बांधापर्यंत आणलं. मग वकीलकाकांसाठी परत गेली. त्यांना बाहेर काढताना तिचं डोकं आता वर आलेल्या त्या पितळी कळीवर आपटलं. कळ डावीकडे होती. उजव्या पंखातून पेट्रोलची धार ढेकळांवर सांडत होती.

कॅप्टनांचं कंबरेचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. नवरा इस्पितळातच राहिला. सूनबाई घरी कपडे घ्यायला आली तेव्हा शेजारीपाजारी, विमानतळावरच्या फ्लाइंग क्लबची माणसं, सगळे दारात. आणि जो तो एकच बोलत होता.

"तू सांगत होतीस, सिलिंडरला चीर आहे म्हणून."

"उस्तादांना दिसली नाही. म्हातारपण, दुसरं काय."

"तुझ्यावर हसलो आम्ही. माफ कर बाई."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. कँटीनचा निकाल लागला होता, आणि तिच्या बाजूने लागला होता. क्लबने जुनी विमानं उडवायला बंदी घातली. उस्तादांना त्यांच्या वर्कशॉपने घरी बसवलं. फुलं घेऊन ते इस्पितळात आले, तेव्हा वकीलकाकांच्या मुलाने त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं.

"राहू दे ना असंच," नवरा इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. "बाबा आता काही उडणार नाहीत. काका परत येणार नाहीत. तू खरं सांगितलंस तर लोक काय म्हणतील? कॅप्टनने मित्राला मारलं. आणि तुझं लायसन्स जाईल ते वेगळंच."

"आणि उस्ताद?"

"ते निवृत्तच होते की."

"इंजिनाचं सांग, असं तूच म्हणाला होतास," ती म्हणाली.

"म्हणालो होतो," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून खाली बसला.

चौकशी अधिकारी आले तेव्हा तिने काहीही राखून ठेवलं नाही. इंजिन उत्तम होतं. चीर कधीच नव्हती, ती मी बनवली होती. टाकी बदलली गेली नाही. हे होऊ शकतं हे मला आधीपासून माहीत होतं. नवऱ्याने सुचवलं होतं, एवढं फक्त तिने सांगितलं नाही. अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं, "खोटा दोष दाखवलात, हे तुम्हाला कळतंय ना?" ती हो म्हणाली. उस्ताद सुटले. तिचं लायसन्स गेलं. उस्तादांनी तिला फोन केला नाही, तिनेही केला नाही.

वकीलकाकूंकडे ती एकटीच गेली. काकूंनी तिला आत घेतलं, बसायला सांगितलं, सगळं ऐकलं.

"त्याला वर जाण्याआधी सांगितलं होतंस?"

"हो काकू. त्यांनी ऐकलं नाही."

"तो कुणाचंच ऐकायचा नाही. पण मला फोन करायचा होतास. मी येऊन त्या धावपट्टीवर आडवी पडले असते. तू सुचेल ते सगळं केलंस, फक्त ओरडली नाहीस. चारचौघांत सासऱ्याची लाज जाईल म्हणून. हो ना?"

"हो."

"जा आता. पुन्हा येऊ नकोस."

कॅप्टनांना तिने अपघाताचं खरं कारण एकदाच सांगितलं, इस्पितळात, सकाळच्या वेळी. त्यांना सगळं समजलं. ते तोंडावर पांघरूण घेऊन रडले, आणि म्हणाले, "लिहून घ्यायला सांग चौकशीवाल्यांना. माझं नाव लिहा म्हणावं." संध्याकाळी त्यांनी विचारलं, वकील का नाही आला भेटायला? त्यानंतर नवऱ्याने तिला हात जोडले. तिने पुन्हा विषय काढला नाही.

घरी आल्यावर ते चाकाच्या खुर्चीत गॅलरीत बसायचे. पूर्वीच्या लख्ख सकाळी आता क्वचितच यायच्या. ती एका पाण्याच्या पंपांच्या दुकानात दुरुस्तीला जायला लागली होती. निघायच्या आधी त्यांना चहा आणि पेपर द्यायची.

एका सकाळी त्यांनी पेपरमधून मान वर केली. "हे वाचलंस का? कुठे तरी जुनं विमान पडलंय. चौकशीचा निकाल आलाय." नावं छापलेली नव्हती. ते बोट ठेवून वाचत होते. "इंजिन चांगलं होतं म्हणे. बघ, मी नेहमी सांगतो. उजवी टाकी भरलेली, आणि डावी संपेपर्यंत हा उडत बसला. एक माणूस गेला बिचारा." त्यांनी चष्मा काढला. "आधीही असं झालं होतं म्हणे त्याच्या हातून. मग उडू कसं दिलं गं त्याला? घरात सांगणारं कुणी नव्हतं का?"

"होतं, बाबा," ती म्हणाली.

"मग?"

"नाही सांगितलं वेळेवर."

कॅप्टनांनी नापसंतीने मान हलवली. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पान उलटलं. तिने रिकामा कप उचलला, त्यांच्या पायांवरची चादर नीट केली आणि ती कामावर जायला निघाली.